हलवतंय कोण?

घार हलत नव्हती. घरटं हलत नव्हतं. ज्या लोखंडी शिडीवर ते घरटं होतं ती समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीला चार ठिकाणी बोल्ट मारून बसवलेली होती, त्यामुळे तिनंही हलायचं काही कारण नव्हतं. कॅमेरा तिपाईवर होता आणि तिपाई गॅलरीच्या फरशीवर होती. तरीसुद्धा फोटोत घारीला दोन चोची आणि चार डोळे आले होते, आणि पंखांच्या जागी चुरगळलेली गोधडी दिसत होती. भिंगसरांनी कॅमेऱ्याच्या पडद्याला नाक लावून तो फोटो तीन वेळा पाहिला आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. काहीच हलत नसताना फोटो हलतो, याचा अर्थ कोणीतरी हलवतंय.

"अगं," त्यांनी गॅलरीतूनच हाक मारली, "आत्ता तू काय करत होतीस?"

"पीठ मळत होते," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"किती जोरात?"

"किती जोरात म्हणजे? पिठाला कळेल इतक्या जोरात."

"ओटा भिंतीला टेकलेला आहे," सर सावकाश म्हणाले, "आणि त्याच भिंतीच्या पलीकडे गॅलरी आहे."

हे वाक्य त्यांनी अगदी जुन्या सुरात म्हटलं. 'आणि ही चिठ्ठी तुझ्याच बाकाखाली सापडलेली आहे' हे वाक्यही ते याच सुरात म्हणत असत.

भिंगसर हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. शाळेत ते एकतीस वर्षं भूगोल शिकवत होते, पण त्यांनी शिकवलेली एकही नदी कुणाच्या लक्षात राहिली नाही. लक्षात राहिली ती त्यांची परीक्षेच्या वेळची नजर. पट्टीच्या मागे लिहिलेल्या सनावळ्या, मोज्यात लपवलेली सूत्रं, बाहीखाली झाकलेल्या राजधान्या, काही म्हणून त्या नजरेतून सुटत नसे. पोरांनी त्यांना भिंग म्हणायला सुरुवात केली आणि पुढं शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांचा तोच पाठ झाला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण डोळे काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. दूधवाल्यानं जरा जास्त हसून नमस्कार केला की सर दुधात बोट बुडवून पाहत.

अशा माणसानं फोटोच्या नादी का लागावं, तर त्याचं कारण शाळेचं एक पत्र. शाळेला पन्नास वर्षं होत होती. सभागृहाला नवा रंग दिला होता आणि नव्या मुख्याध्यापिकेनं सगळ्या जुन्या शिक्षकांना कळवलं होतं की भिंतीवर लावण्यासाठी आपल्या हातची एखादी गोष्ट द्यावी. चित्रकलेच्या बाईंनी निसर्गचित्र दिलं, शिवणाच्या बाईंनी भरतकाम दिलं. सरांना पत्र वाचून फार बरं वाटलं, आणि लगेच फार वाईट वाटलं. ज्या सभागृहात त्यांनी तीन दशकं पोरांना बाह्या वर करायला लावल्या, तिथं त्यांचं म्हणून काहीतरी लागणार होतं, आणि द्यायला त्यांच्याकडे जप्त केलेल्या चिठ्ठ्यांची एक पेटी होती.

त्यातच समोरच्या टाकीवर घारीनं घरटं केलं. जावई लग्नाचे फोटो काढणारा. त्यानं आपली हातभर लांब लेन्स, कॅमेरा आणि तिपाई पंधरा दिवसांसाठी आणून दिली. पंधरावा दिवस रविवारी भरत होता, आणि सोमवारी त्याला एका लग्नाला जायचं होतं. तिकडे दोन पिल्लांपैकी मोठं पिल्लू आताच शिडीच्या कडेला उभं राहून पंख झटकत होतं. ते उडालं की संपलं. पहिल्या आठवड्यात सरांनी आठशे फोटो काढले होते, आणि आठशेच्या आठशे हललेले होते.

"बाबा, लांब लेन्सची हीच तर गंमत आहे," जावई फोनवर म्हणाला. "ती तिकडची घार जेवढी मोठी करून दाखवते, तेवढाच इकडचा हादराही मोठा करते. इथं केसभर हललं की फोटोत हातभर हलतं."

"म्हणजे हादरा बसतोय हे तुला मान्य आहे," सर म्हणाले.

"असतोच हो. तिपाईचा मधला दांडा वर खेचलाय का? तो खाली घ्या. त्याला खाली हूक आहे, त्यावर काहीतरी जड लटकवा. कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्यावर फडफडत असेल तर काढून ठेवा. लेन्सवर एक स्विच आहे, हातात धरल्यावर थरथर सावरून घेणारा. तिपाईवर तो उलटा त्रास देतो, बंद करा. आणि मुख्य म्हणजे बटणाला हातच लावू नका. बॅगेत छोटा रिमोट आहे. लांब उभं राहायचं आणि रिमोट दाबायचा."

पहिल्या चार सूचना सरांनी तंतोतंत पाळल्या. दांडा खाली घेतला, हुकाला नकाशांच्या जाडजूड पुस्तकांची पिशवी टांगली, पट्टा सोडला, स्विच बंद केला. पाचवी सूचना मात्र त्यांना मुळातच संशयास्पद वाटली. लांब उभं राहायचं? परीक्षा चालू असताना पर्यवेक्षकानं व्हरांड्यात जाऊन उभं राहण्यातलाच हा प्रकार! आपला हात उचलला की गडबड झालीच म्हणून समजा, हे त्यांचं एकतीस वर्षांचं शास्त्र होतं. शिवाय शाळेनं आपल्या हातची गोष्ट मागितली होती. ज्याला हातच लावला नाही ती आपल्या हातची कशी? त्यांनी रिमोट टेबलाच्या खणात टाकला, खणाला कुलूप लावलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पुन्हा कॅमेरा दोन्ही हातांनी गच्च धरला. इतका गच्च, की त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडत आणि छातीतली धडधड दातांपर्यंत ऐकू येई.

फोटो हललेले निघतच राहिले. तेव्हा सरांनी रीतसर तपास हाती घेतला.

प्रथम त्यांनी गॅलरीच्या फरशीवर पाण्यानं काठोकाठ भरलेली स्टीलची वाटी ठेवली. पाण्यावर सुरकुती उठली की इमारतीत कुठंतरी हालचाल झाली. मग एक वही केली आणि तिच्यात तीन रकाने आखले : वेळ, संशयित, हालचाल. पहिल्या दिवशी बायकोवर अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकी चार वॉशिंग मशीनच्या होत्या, म्हणून मशीन बंद झालं. कपड्यांचा ढीग खुर्चीवरून पलंगावर आणि पलंगावरून सोफ्यावर आला.

"जावई म्हणतो हात लावू नका, तर ते सोडून तुम्ही माझं मशीन बंद करताय," बायको म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"तू बोलताना ओट्यावर हात आपटलास," सर वाटीकडे बघत म्हणाले आणि त्यांनी बारावी नोंद केली.

पीठ, मशीन आणि लिफ्ट यांचा हिशेब लागला तरी एक नोंद काही केल्या सुटेना. रोज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वाटीतलं पाणी थरथरू लागे, आणि वरच्या मजल्यावरून धप धप धप असा आवाज येई. अर्धा तास चालून तो बंद होई. वर एक सून आणि तिची सासू, अशा दोघीच राहत. मुलगा जहाजावर नोकरीला होता. सून समोरच्या इमारतीत दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पेशंटची नावं नोंदवायचं काम करी आणि दहा वाजून पाच मिनिटांनी घराबाहेर पडे. आजी सहा आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या, तेव्हापासून अंथरुणाला खिळून होत्या. म्हणजे दहा वीसला वर कोणी उभंच असू शकत नव्हतं.

गुरुवारी सरांनी सुनेला जिन्यात गाठलं.

"तुम्ही गेल्यावर घरी कोण येतं?"

"कोणी नाही. का हो काका?"

"दहा वाजून वीस मिनिटांनी?"

"दहा वीसला कशाला कोण येईल?" सून दोन पायऱ्या खाली सरकली. "आणि मी गेल्यावर काय होतं याची तुम्हाला कशाला पंचाईत?"

"विचारलं सहज," सर म्हणाले. सहज हा शब्द त्यांच्या तोंडी शोभत नसे. सुनेनं खाली जाताना दोनदा मागं वळून पाहिलं.

शुक्रवारी दहा वीसला सर स्वतः वर गेले. वहाणा खाली काढून ठेवल्या, वही काखेत मारली आणि वरच्या दाराला कान लावला. आत धप धप चालू होतं, आणि त्याबरोबर कोणा बाईचा उत्साही आवाज येत होता. 'अजून दहा! शाब्बास! अजून पाच!' आत दोन माणसं आहेत! सरांनी कान सोडून डोळा कुलपाच्या भोकाला लावला, आणि नेमकी त्याच वेळी सून छत्री विसरली म्हणून परत आली.

"काका!"

सर दचकून उभे राहिले आणि काखेतली वही पायरीवर पडली. तिच्या हाकेसरशी आतलं धपधप कात्रीनं कापावं तसं थांबलं, आणि रागाच्या भरात ते सुनेच्या कानावर आलंच नाही. सुनेनं वही उचलली. उघड्या पडलेल्या पानावर लिहिलं होतं : 'सकाळी १०.०५, वरची सून, बाहेर पडली. १०.२०, अज्ञात, धपधप सुरू. ११.४०, समोरची बाई, खिडकीत आली. ११.५२, समोरची बाई, पडदा ओढला.' समोरची बाई म्हणजे टाकीखालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. त्यांची खिडकी उघडली की शिडी हलते असा सरांचा एक किरकोळ संशय होता, एवढंच. पण वहीत तेवढं लिहायला रकाना नव्हता.

"ही वही मी घेऊन चालले," सून म्हणाली. वहीवरची तिची पकड पक्की होती.

शनिवारी दहा वाजता दारावरची घंटा वाजली. दारात सून होती आणि तिच्याबरोबर पांढऱ्या कोटात डॉक्टरीणबाई.

"दोन आठवडे तुमच्या गॅलरीतून एक काळी नळी माझ्या खिडकीवर रोखलेली आहे," डॉक्टरीणबाई न बसताच म्हणाल्या. "पेशंट तोंड उघडून खुर्चीत बसतो आणि नळी बघून तोंड मिटून घेतो. मी म्हटलं, असेल बापडा पक्ष्यांचा नाद. पण ही वही वाचली आणि माझी खात्री पटली. तुम्ही काय काय टिपलंय ते सगळं मला आत्ता बघायचंय."

सरांना घाम फुटला. आयुष्यभर त्यांनी लोकांना म्हटलं होतं, 'काय आहे ते दाखव.' हे कोणी त्यांना म्हणेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"दाखवा ना," बायको म्हणाली. ती कपड्यांचा ढीग सरकवून पाहुण्यांना जागा करत होती. "होऊन जाऊ दे एकदाचं."

कॅमेरा टीव्हीला जोडला. अकराशे चाळीस फोटो होते. पहिला आला, दुसरा आला, दहावा आला. डॉक्टरीणबाई पुढं सरकून डोळे बारीक करून बघत होत्या.

"ही मी का?"

"ती टाकी आहे."

"आणि हा माझा पेशंट?"

"ते पिल्लू आहे. धाकटं."

शंभराव्या फोटोला डॉक्टरीणबाई मागं टेकून बसल्या. दोनशेव्याला त्यांनी चष्मा काढून पुसला. अडीचशेव्याला त्यांना हसू आवरेना.

"राहू द्या हो," त्या सुनेला म्हणाल्या, "यांच्याकडून कोणाला काही धोका नाही. माझ्या मशीनवर पेशंट शिंकला तरी याहून बरा एक्सरे निघतो. या माणसाला काही येतच नाही."

निर्दोष सुटल्यावर माणसानं खरं म्हणजे हुश्श करावं. पण सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नको तो बट्टा लागला असता तरी चाललं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

"येत नाही असं नाही!" ते उसळून म्हणाले. "मनात आणलं असतं तर तुमच्या खिडकीवरची माशीसुद्धा टिपली असती मी!"

"अहो!" बायको ओरडली.

"पण मला टिपू दिलं जात नाही. माझा कॅमेरा हलवला जातो. आणि हलवणारा," सरांनी बोट छताकडे रोखलं, "वर आहे!"

तेवढ्यात दहा वीस झाले. डोक्यावर धप धप धप सुरू झालं. गॅलरीतल्या वाटीतलं पाणी सगळ्यांच्या देखत थरथरलं. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "घरात सासूबाई एकट्याच आहेत हो!" म्हणत ती धावत सुटली, तिच्यामागून सर, आणि सरांच्या मागून, दवाखान्यात पेशंट ताटकळत असूनही, डॉक्टरीणबाई.

दार उघडलं तेव्हा आजी अंथरुणात होत्या. चादर गळ्यापर्यंत ओढलेली, डोळे मिटलेले, तोंडातून बारीक कण्हण्याचा आवाज. सून पलंगाजवळ बसून त्यांचा हात चोळू लागली. डॉक्टरीणबाईंनी पलंगाखाली आणि कपाटामागं पाहिलं. कोणी नव्हतं. दुसऱ्या कोणाला काही दिसलं नसतं. सरांना मात्र आजींच्या कपाळावरचे घामाचे थेंब दिसले आणि चादरीखाली भात्यासारखी वरखाली होणारी छाती दिसली. ते सहज चालल्यासारखे टीव्हीपाशी गेले आणि त्यांनी त्याच्या पाठीला हात लावून पाहिला. टीव्ही गरम होता.

आजींनी एक डोळा उघडला. ती नजर सरांच्या चांगल्या ओळखीची होती. तिसऱ्या बाकावरून, शेवटच्या बाकावरून, खिडकीजवळच्या बाकावरून त्यांनी ती हजारदा पाहिली होती.

"सूनबाई," आजी क्षीण आवाजात म्हणाल्या, "पाणी आण गं जरा गरम करून. आणि डॉक्टरीणबाईंनाही काही दे." दोघी आत गेल्या तसा आजींचा आवाज एकदम ठणठणीत झाला. "मास्तर, बोलू नका."

"तुम्ही चालता!"

"चालते कसली, उड्या मारते. टीव्हीवर ती व्यायामाची बाई येते ना. तीन आठवड्यांत पाय चांगला झाला माझा."

"मग हे नाटक कशाला?"

आजींनी चादरीची कड बोटात गुंडाळली. "चांगली होते तेव्हा सून घरी आली की तिच्या खोलीत, मी माझ्या. पडले तेव्हापासून रोज संध्याकाळी इथं पायाशी येऊन बसते. दिवसभरात कोणाचा कोणता दात काढला सगळं सांगते. उठून उभी राहिले की ते बंद होईल. आता सांगा, तुमचं काय जातं त्यात?"

"माझे फोटो जातात!" सर दबक्या आवाजात ओरडले. "उद्या शेवटचा दिवस आहे माझा."

"एवढंच ना? उद्या सकाळी अंग हलवणार नाही. दिला शब्द."

सरांनी आयुष्यात कोणाला सोडलं नव्हतं. एकदा तर मुख्याध्यापकांच्या पुतण्याला पकडलं होतं. पण डोळ्यांपुढं सभागृहाची रंगवलेली भिंत आली. सून गरम पाणी घेऊन बाहेर आली तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मांजर असेल." आयुष्यातली ही त्यांची पहिलीच खोटी साक्ष.

रविवारी सकाळी आजींनी शब्द पाळला. समोरचा दवाखाना बंद होता. वॉशिंग मशीन बंद होतं. बायकोला सरांनी खुर्चीत बसवलं होतं आणि पाय जमिनीला टेकवायचे नाहीत अशी ताकीद दिली होती. वाटीतल्या पाण्यावर मुंगीएवढीसुद्धा सुरकुती नव्हती. पिल्लू शिडीच्या अगदी टोकाला येऊन उभं होतं. सरांनी श्वास रोखला, कॅमेरा दोन्ही हातांनी आवळला आणि बटण दाबलं.

दोन चोची. चार डोळे.

पुन्हा दाबलं. तेच. वाटी स्तब्ध, इमारत स्तब्ध, घार स्तब्ध. सरांनी मनातल्या मनात संशयितांची यादी वरपासून खालपर्यंत तपासली. सगळी नावं खोडून झाली होती. गॅलरीत एकच माणूस शिल्लक होता, आणि त्याच्यावर संशय घ्यायची त्यांना सवय नव्हती.

"किल्ली द्या," बायको पाय तसेच वर धरून म्हणाली.

"कसली?"

"खणाची. आणि तुम्ही आत जा."

"मी आत जाऊ? आणि इथं कोण?"

"मी बसते. अहो, पिल्लू उडेल आता. संध्याकाळी जावई लेन्स घेऊन जाईल. मग लावा भिंतीवर त्या चिठ्ठ्यांची पेटी!"

हे वर्मी लागलं. सरांनी किल्ली दिली. बायकोनं रिमोट काढला, सरांना दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. कारण कडी घातली नसती तर ते पाचव्या मिनिटाला बाहेर आले असते, हे छत्तीस वर्षांच्या संसारात तिला कळलेलं होतं. मग ती खुर्चीत बसली, कॅमेऱ्यापासून चार हात लांब, रिमोट हातात धरून.

"काय चाललंय?" आतून आवाज आला.

"काही नाही."

"मग एवढी शांतता का?"

"गप्प बसा हो!"

पाऊण तास गेला. आतून सातव्यांदा "काय चाललंय" आलं, आणि त्याच क्षणी पिल्लानं पंख पसरले. बायकोनं बटण दाबलं. मग ती स्वतःशीच "अगं बाई!" म्हणाली आणि कडी काढायला धावली.

फोटोत पिल्लाचे दोन्ही पाय शिडीपासून नुकतेच सुटलेले होते. पंखातलं पीस न् पीस वेगळं मोजता येत होतं. शिडीच्या बोल्टवरचा गंजसुद्धा स्पष्ट दिसत होता. मागं घार मान वर करून पाहत होती, आणि तिच्या डोळ्यात जी काळजी होती ती अगदी माणसासारखी होती. सरांनी पडद्याला नाक लावून तो फोटो तीन वेळा पाहिला.

"पाठवून द्या शाळेत," बायको म्हणाली. तिचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता, पण ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली. "तुमच्या नावानं."

"पण काढलास तू."

"कॅमेरा तुम्ही लावलात, पंधरा दिवस तुम्ही उन्हात उभे राहिलात. मला काय करायचंय नाव? आणि कोण बघतंय?"

"कोण बघतंय असं म्हणूनच सगळे करतात!" सर म्हणाले.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. भिंत डोळ्यांपुढून हलेना. वर आजींचं ते एक प्रकरण त्यांनी पचवलं होतं, पण एका आठवड्यात दुसरं पचेल असं वाटेना. सकाळी उठून त्यांनी शाळेला पत्र लिहिलं : 'सोबतचे छायाचित्र माझ्या पत्नीने काढलेले आहे. त्या वेळी मी बंद खोलीत होतो. त्यात माझा कोणताही हातभार नाही. भिंतीवर लावण्यास ते पात्र नसल्यास परत पाठवावे.' पत्र पेटीत टाकताना त्यांना रडू येईल की काय असं वाटलं.

शाळेनं फोटो परत पाठवला नाही. सोहळ्याच्या दिवशी सभागृहात शिरताच तो समोरच दिसला, सगळ्यात मोठ्या चौकटीत, आणि खाली सुबक अक्षरात बायकोचं नाव. बायकोनं नवी साडी नेसली होती आणि ती उगाचच इतर चित्रं बघत असल्यासारखं करत होती. मुख्याध्यापिका लगबगीनं पुढं आल्या.

"अप्रतिम फोटो आहे, सर! आणि तुमचं पत्र मी सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवलं. स्वतः एवढी मेहनत घ्यायची आणि नाव बाईंचं लावायचं! मन मोठं लागतं हो."

"मी काढलेला नाही," सर म्हणाले. "हिनं काढलाय."

"हो हो," मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या आणि त्यांनी शेजारच्या पाहुण्यांकडे बघून डोळे मिचकावले.

एवढ्यात शिवणाच्या जुन्या बाई आल्या. "भिंगसर, तुम्ही कोणाला मदत कराल असं वाटलं नव्हतं हो कधी!" मग चित्रकलेच्या बाई आल्या. मग शिपाई आला. जो येई तो आधी फोटोकडे बघे, मग बायकोकडे बघे आणि मग सरांचा खांदा थोपटे. एकतीस वर्षांत या सभागृहात सरांशी इतकं प्रेमानं कोणी बोललं नव्हतं, आणि तेही त्यांनी न केलेल्या लबाडीबद्दल.

"सांगा ना त्यांना नीट!" बायको दात ओठ खात पुटपुटली. आता तीच नक्कल करून पहिली आलेल्या पोरीसारखी दिसत होती. "सांगा की मी काढलाय!"

"मी खरं सांगतोय!" सर मोठ्यानं म्हणाले. "मी आतल्या खोलीत होतो! बाहेरून कडी होती! मी याला हातसुद्धा लावलेला नाही!"

सभागृहभर कौतुकाचं हसू पसरलं. जितकं ते नाही म्हणत तितकी लोकांची खात्री वाढत होती. सरांनी चहूकडे पाहिलं. प्रत्येक चेहऱ्यावर तेच होतं, समजूतदार, कळलं-कळलं म्हणणारं हसू. परीक्षेच्या वर्गात असा चेहरा त्यांचा स्वतःचा असे; तो त्यांनी आजवर फक्त आतून पाहिला होता, बाहेरून कधी नाही.

गर्दीतून एक पन्नाशीकडे झुकलेला, पोट सुटलेला माणूस पुढं आला. त्यानं वाकून नमस्कार केला. "सर, ओळखलं नसेल तुम्ही. आठवीच्या सहामाहीला तुम्ही मला पकडलं होतं. डावीकडची रांग, तिसरा बाक. बाकाखाली चिठ्ठी होती."

"विज्ञानाची," सर म्हणाले. त्यांना चिठ्ठीचं अक्षरसुद्धा आठवत होतं.

"हो. सर, तो फोटो बाईंनी काढलाय ना?"

"हिनंच काढलाय. शपथेवर सांगतो."

"माझा बसला विश्वास," तो माणूस म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता. "ती चिठ्ठीही माझी नव्हती, सर. मीही तेव्हा असाच ओरडून सांगत होतो." त्यानं पुन्हा एकदा हात जोडले आणि तो चहाच्या टेबलाकडे निघून गेला.

सर जागच्या जागी उभे राहिले. बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं.

"चला, बसू या. काय म्हणत होता तो?"

"नक्कल केली नव्हती म्हणतो."

"मग?"

सरांनी चहाच्या टेबलाकडे पाहिलं. तो माणूस कोणाच्या तरी लहान मुलाला उचलून फोटोतली घार दाखवत होता.

"मग काय," सर म्हणाले, "नसेल केली."

बायकोनं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. छत्तीस वर्षांत तिनं हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. ती जवळ सरकली आणि संशयानं तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.